पहिली पट्टी कुणाच्या हस्ते

जहाज कधीच एका माणसाचं नसतं. त्याच्या फळीफळीत अनेकांचे हात राबलेले असतात. हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं. दादा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला आणि बीडजवळच्या पालीत घर बांधून राहिला. समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सहलीच्या बसच्या खिडकीतून, कारण तो खाली उतरला असता तर पोरं मोजायला कुणी उरलं नसतं. ज्या जहाजाबद्दल तो हे बोलायचा ते हातभर लांब होतं आणि जेवणाच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलेलं होतं.

जहाज घरात आलं ते दादाच्या उजव्या हातामुळे. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा हलका झटका आला. पाय सावरला. बोलणं सावरलं, आमच्या मते जरा जास्तच. पण उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटेनात. भाकरी मोडता येईना. वहिनी घास करून ताटात ठेवायची आणि तो डाव्या हातात चमचा धरून, दाराकडे पाठ करून जेवायचा. मी घरात असलो तर मला अंगणात पाठवायचा. उन्हाळ्यात माजलगावला आमच्या भाचीचं लग्न होतं. दादा थोरला मामा, पंगतीत व्याह्यांच्या शेजारची जागा त्याची. त्यानं बहिणीला फोनवर सांगून टाकलं, "हातानं जेवता आलं तर येईन. व्याह्यांसमोर लेकरासारखा चमचा घेऊन बसायचा नाही मी." बहीण त्याच्याशी बोलताना रडली, मग मला फोन लावून नव्यानं रडली.

बीडहून फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. मूळच्या शिरूर कासारच्या, वयानं लहान, बोलायला कमी. त्यांनी उपाय सांगितला: ताटात मूठभर ज्वारी घ्या आणि रोज चिमटीनं एकेक दाणा निवडा. पहिल्या काही महिन्यांत बोटं आली तर आली, मग अवघड होतं. दादाला ज्वारी निवडणं पदाला शोभेना. निवृत्तीनंतर पद जातं हे त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. शेवटी पुण्यातल्या त्याच्या मुलानं लाकडी जहाजाचा संच मागवला, सुट्टीत येऊन त्याचं अंग जोडून दिलं आणि डेक तेवढा बापासाठी ठेवला. डेकचं काम असं: आगकाडीपेक्षा थोडी रुंद, कागदासारखी पातळ लाकडी पट्टी चिमटीत धरायची. तिच्या कडेवरून पेन्सिल फिरवायची, म्हणजे दोन पट्ट्यांच्या जोडात डांबर भरल्यासारखी काळी रेघ दिसते. मग गोंद लावून शेजारणीला भिडवायची आणि बोटानं दाबून धरायची. मॅडम म्हणाल्या, चालेल, ज्वारीसारखंच आहे.

"ज्वारी निवडली असती तर दळण तरी झालं असतं," वहिनी म्हणाली.

माझ्याकडे पट्ट्या मापात कापायचं काम आलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे संचासोबतची पुस्तिका वाचणारा त्या घरात मी एकटाच. रोज दुपारी बीडहून स्कूटरवर जायचं आणि ब्लेड घेऊन बसायचं. पंखा लावला की पट्ट्या उडायच्या. बंद केला की घाम गोंदात पडायचा. बिंदुसरेच्या तलावावरून वारा येतो असं दादा घर बांधल्यापासून सांगतोय. तो वारा माझ्या उपस्थितीत कधी आलेला नाही.

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की डेकची सुरुवात मधल्या पट्टीपासून करावी. ती सरळ बसली तर सगळा डेक सरळ येतो. मी हे मोठ्यानं वाचलं ही माझी चूक. 'पहिली' हा शब्द कानावर पडताच दादा खुर्चीत ताठ झाला.

"पहिली म्हटल्यावर ती कुणाच्या तरी हस्ते झाली पाहिजे."

"तुझ्याच हस्ते होऊ दे. त्यासाठीच तर आणलंय."

"स्वतःच्या हस्ते उद्घाटन करतं का कुणी?"

आमच्या भागात हातपंपापासून स्वच्छतागृहापर्यंत कुठलीही गोष्ट ज्याला वापरायची आहे त्याच्या हातानं सुरू होत नाही. आमच्या बौद्ध घरात नारळ फोडत नाहीत. फीत कापायला मात्र कुठल्याच धर्माची आडकाठी नाही. दादानं गावातल्या बड्या बागायतदाराला बोलावलं. तालुक्याच्या राजकारणात मुरलेला माणूस, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा दोन माणसं आणि कानाला लावलेला एक फोन घेऊन आले.

"मास्तर, हे तलावात सोडायचं हाय का?"

"नाही आबा, शोभेचं आहे."

"पाण्यात न्हाई घालायचं? मंग जहाज कावून? बैलगाडी करायची की."

बोटभर लाल फीत कापली गेली. आबांनी फोन खांद्यात दाबून धरला, "हां, ट्रॉली पाठीव, लगेच पाठीव," असं सांगत गोंद लावलेली पट्टी डेकवर टेकवली आणि फोटोसाठी मान वर केली. पट्टी तिरकी बसली होती. जहाजाच्या शेपटाकडचं टोक डावीकडे सरकलं होतं. आबा बाहेर पडताच मी नखानं ती सरळ करायला गेलो.

"राहू दे," दादा म्हणाला. "त्यांच्या हस्ते लागलीय ती."

"दादा, वाकडी आहे."

"फोटोत सरळ दिसते."

मग जो घरात येईल त्याला चहा आणि एक पट्टी असा क्रम सुरू झाला. दिंद्रुडहून भेटायला आलेल्या जुन्या सहकाऱ्यानं चष्मा विसरला असूनही लावली. पाण्याच्या टँकरवाल्यानं हात न धुता लावली. शेजाऱ्यानं तर दोन लावल्या, कारण चहाला वेळ लागला. प्रत्येकासमोर दादा जहाजात राबलेल्या अनेक हातांबद्दलचं ते वाक्य म्हणायचा आणि माणसं गंभीर व्हायची. पट्ट्या आबांच्या पट्टीला धरून इमानानं तिरक्या जात होत्या. डावीकडची जागा शेपटाकडे निमुळती होत चालली आणि मी पाचरीसारखे तुकडे कापत बसलो. एकदा ब्लेड बोटात घुसलं तेव्हा माझा तोल गेला.

"अरे, हे जहाज आहे, समाजमंदिर नाही! कुणाकुणाच्या देणगीच्या पाट्या लावतोयस?"

"तुला माणसांची किंमत नाही. आयुष्यभर पुस्तकांत राहिलास."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी टेबलावर ज्वारीचा एक दाणा ठेवला आणि म्हणाल्या, "उचला, सर." दादाचा अंगठा पुढे गेला, दाण्याला टेकला आणि दाणा घरंगळून वर्तमानपत्राखाली गेला. दुसरा दाणाही तसाच गेला.

"अर्धा डेक झाला ना, सर? मग फरक का नाही?"

स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "त्यात त्येंची एक बी पट्टी न्हाई."

"मार्गदर्शन माझं आहे," दादा म्हणाला.

मॅडमनी पर्स खांद्याला लावली. "सर, हात तुमचा आजारी आहे, गावाचा नाही." त्या चहा न घेता गेल्या. त्या घरातून पट्टी न लावता गेलेल्या त्या पहिल्याच.

मी त्याच्यापुढे एक पट्टी ठेवली. "एक लाव. इथं कुणी नाही."

"धरता येत नाही रे," तो म्हणाला. मुख्याध्यापकाचा आवाज नव्हता तो. "सुरुवातीला करून पाहिलं मी, ही झोपल्यावर. निसटते. लोकांसमोर निसटली तर काय सांगू?"

फीत, फोटो, भाषण आणि माझं कापलेलं बोट, हा सगळा खर्च त्या एका निसटणाऱ्या पट्टीसाठी झाला होता. मला दया यायला हवी होती. मला आधी राग आला, कारण हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पाचरी कापल्या नसत्या. काही सुचेना म्हणून मी पंखा लावला. उरलेल्या पट्ट्या घरभर उडाल्या आणि आम्ही दोघं त्या गोळा करत बसलो, तो डाव्या हातानं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दारातच भेटली. "भाऊजी, सकाळपासून उपटायलेत."

दादानं डेकवर ओलं फडकं टाकून गोंद मऊ केला होता आणि उजव्या अंगठ्याचं नख घालून एकेक पट्टी काढत होता. सहकारी निघाला, टँकरवाला निघाला, शेजारी दोन्ही ठिकाणांहून निघाला. आबांची पट्टी सर्वांत घट्ट होती. ती काढायला संध्याकाळ झाली.

पुढचे दिवस मी विसरू पाहतो. दादा पट्टी धरायचा, ती पडायची. परत धरायचा, परत पडायची. जे शब्द उच्चारल्याबद्दल त्यानं पोरांना छड्या मारल्या होत्या ते सगळे मला क्रमानं ऐकायला मिळाले. मी वाकून पट्टी उचलून द्यायला गेलो की ओरडायचा, "हात नको लावू! माझी हाय ती. पाय बघ बे, चपलेखाली घेतलीस!" एक पट्टी बसेपर्यंत माझा पेपर अग्रलेखासकट वाचून व्हायचा, आणि अग्रलेख मी एरवी वाचत नाही. गोंद कधी पट्टीला, कधी शर्टाला. पण मधली पट्टी सरळ बसली होती. तिच्या शेजारची तिला धरून बसली. मॅडम येऊन पाहायच्या, दाणा ठेवायच्या आणि दाणा उचलला गेला की तो परत डब्यात टाकायच्या. कौतुक करण्याची त्यांना सवय नसावी.

डेकचे काठ पूर्ण व्हायला आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी वहिनीनं ताट आणलं. त्यात भाकरी अख्खी होती. सवयीनं मी अंगणात जायला उठलो.

"बस की," दादा म्हणाला.

त्यानं भाकरीवर अंगठा रोवला, दोन बोटं खाली घातली आणि ओढलं. तळहाताएवढा वेडावाकडा तुकडा निघाला. तो पिठल्यात बुडाला, मिशीला लागला आणि तोंडात गेला.

"मीठ बरं हाय का बघा," वहिनी म्हणाली आणि आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

लग्नाच्या आधी आबा एकदा वाटेवरून जाता जाता आत शिरले. सँडपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या डेकवर ओणवे झाले.

"मास्तर, माझी कंची हो?"

"ही मधली," दादा म्हणाला.

"बघा की! फोनवर बोलता बोलता लावलीवती. कशी दोरीत बसलीय!" सोबतच्या माणसांनी माना डोलावल्या. दादानंही डोलावली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, तरी पाठीत त्याची नजर टोचत होती.

माजलगावला जाताना जीपमध्ये तो वाटभर गुडघ्यावर हात ठेवून चिमूट उघडत, मिटत होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवं उपरणं. मंगल कार्यालयाच्या दारातच त्यानं बहिणीला गाठलं.

"मी पंगतीला बसणार आहे. व्याह्यांच्या शेजारी. हातानं जेवणार आहे."

बहिणीनं डोळे पुसले आणि तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मांडवाकडे पाहिलं. व्याह्यांच्या आग्रहावरून पंगत रद्द करून बुफे ठेवला होता. सगळी वऱ्हाडी मंडळी उभी होती, व्याही पुलाव आणि मंचुरियन चमच्यानं खात होते, आणि भाकरी कुठल्याच टेबलावर नव्हती.