दुधावरची पितळी पाटी

परवा बुधवारी सकाळी सातलाच मी दुधावरचं झाकण तांदळाच्या कोठीत पुरून ठेवलं. कोपरापर्यंत हात घालून, पार तळाशी. घरी कंपनीचे साहेब येणार होते...

झाकण म्हणजे वहीएवढी पितळेची पाटी. चार कोपऱ्यांना चार भोकं, वाफ जायला बरी. पण ती मुळात एका बुलडोझरची पाटी आहे, कंपनीचं नाव आणि मशीनचा नंबर तिच्यावर ठोकलेला.

आमचे हे त्या डोझरवर ऑपरेटर होते, पवनीकडे कालव्याचं काम चालायचं तेव्हा. गोंदिया अजून आमच्याच जिल्ह्यात होतं. पुढे जिल्हा तुटला, मशीनही म्हातारी झाली, भंगारवाला कापायला आला... त्या दिवशी हे पाटी दुपट्ट्यात गुंडाळून घरी घेऊन आले. "कोणाले सांगू नको," एवढंच बोलले.

हे गेले, तरी मी कोणाला सांगितलं नाही. घरात झाकण म्हणून वापरली, पण अक्षरं नेहमी खाली करून. आल्यागेल्याच्या नजरेला पडायला नको.

आता माझा संजय त्याच कंपनीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे. तीन वर्षं झाली, अजून कच्चाच. पक्कं करायचं पत्र या महिन्यात येणार म्हणतात... आणि नेमका आताच त्याचा फोन, "माय, हेड ऑफिसचे साहेब घरी येऊन राहिले. बाबाच्या मशीनबद्दल विचारतील."

तुम्हीच सांगा, बाप चोर निघाला तर पोराला कोण पक्कं करतं?

साहेब आले. पांढरे केस, सोबत संजय आणि एक कॅमेरावाली पोरगी. मी जयभीम म्हटलं, खुर्च्या दिल्या, आणि साहेबांनी बसल्या बसल्या कंपनीची कहाणी सुरू केली. आधी पत्र्याच्या शेडमध्ये रोडरोलर दुरुस्त करायचे म्हणे. मग परदेशातून सुटे भाग आणून डोझर जोडले, मग सगळं इथंच बनवायला लागले... त्याचं आता जाडजूड पुस्तक निघणार.

पहिल्या खेपेच्या मशिनी कुठं कुठं गेल्या ते त्यांनी शोधून काढलं होतं. एकच सापडत नव्हती; तिचा नंबर तेवढा त्यांच्याकडे होता, बाकी जुनं रजिस्टर पाण्यात भिजलं. मी आपली हो जी, हो जी करत होते... लक्ष सगळं कोठीकडे.

इतक्यात आतून सुनेनं हाक मारली, "आई, दुधावरचं झाकण कुठं ठेवलं व?"

"मांजरीनं नेलं असंल," मी म्हटलं.

"मांजर पितळ खाते काय, माय?" संजय म्हणाला. साहेब हसले, पोरगीही हसली. सून झाकण शोधत राहिली तोवर दूध गॅसवर उतू गेलं.

मग साहेब म्हणाले, "आजी, आमच्याकडे एवढीच माहिती आहे की ती मशीन इकडे आली आणि पहिल्याच वर्षी बंद पडली. तसंच छापणार आहोत. तुम्हाला काही वेगळं आठवतं का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बरोबर आहे जी, म्हटलं असतं तर चहा पिऊन गेले असते... पण माझं तोंड मला कधी आवरलं आहे?

"बंद कायले पडंल? उन्हाळा नाही पाहिला, थंडी नाही पाहिली, संजयच्या बापानं चालवली तिले. घरी यायचा त हात असे थरथरत, घास तोंडात जात नव्हता. अन् तुम्ही म्हणता बंद पडली."

उठले. कोठीत हात घातला आणि पाटी तांदळासकट त्यांच्यापुढे ठेवली. "हे घ्या. चोरली म्हणाल त मी चोरली. मेलेल्या माणसावर घालू नका, नं या पोरावर त नाहीच."

संजयचा चेहरा उतरला. साहेबांनी पाटी रुमालानं पुसली, उजेडाकडे धरली. कंपनीचं नाव पुसट होतं, पण नंबर नव्हताच. खालच्या बाजूला साय चिकटायची, मी रोज राखेनं नाही तर चिंचेनं घासायची. घासून घासून सपाट करून ठेवला होता.

"नंबर नाही तर हीच ती मशीन, असं कसं लिहिणार आजी?"

"कागद द्या," म्हटलं.

मी शाळेत दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण हे घरी येऊन मशीनची डायरी भरायचे, आणि हात थरथरायचा म्हणून पानावरचा नंबर मी लिहायची. रोज तोच नंबर... इंग्रजी आकडे मला तेवढेच येतात, त्याच ओळीनं. सहा आकडे लिहिले, कागद पुढे सरकवला.

कॅमेरावाल्या पोरीनं पाटी उलटी केली, मागच्या बाजूवर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे ठोकले होते तिथं मागून थोडे उठाव अजून बाकी होते. शेवटचे तीन उमटले... उलटे, पण माझेच. साहेबांच्या यादीतल्या हरवलेल्या मशीनचा नंबरही तोच.

"आता पोलीस बोलावता काय?" मी विचारलं.

"नाही हो आजी," साहेब म्हणाले. "भट्टीत वितळली असती. तुम्ही ठेवली म्हणून आहे."

पाटी मागितली त्यांनी, कारखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला. मी नाही म्हटलं. "फोटो काढा जी. मी दूध कशानं झाकू?" फोटो काढले, कोरा चहा प्यायले आणि गेले.

संजयचं पत्र अजून आलं नाही. साहेब निघताना ओठावर आलं होतं, विचारलं नाही... दारात मोटारसायकल थांबली की पत्र आलं काय म्हणून हातातलं काम टाकून बाहेर येते.

पण एक ओझं उतरलं. आता दुधावर पाटी ठेवते ती अक्षरं वर करून... जी काही उरलीत ती.