दुसरा फोटो

माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या डोळ्याची मधली दृष्टी गेली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले की डावा डोळाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, वाट बदलणार नाही. कडेचे दिसत राहील, समोरचे जाईल. दार दिसेल, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही. दादाने हे मला मुलुंडच्या त्याच्या घरी, चहात खारी बुडवत, शेजाऱ्याची हकीकत सांगावी तसे सांगितले. मग उठून कपाटातून एक काळी डबी आणली. त्याचा जुना संगणक कायमचा बंद पडला होता आणि दुकानदाराने त्यातली हार्ड डिस्क काढून त्या डबीत बसवून दिली होती.

"माझ्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो आहेत यात," तो म्हणाला. "मोठ्या पडद्यावर एकदा बघू दे रे मला. चेहरे दिसतायत तोवर."

"नुसते बघायचेत ना?"

"नाही, हार घालायचेत," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

आम्ही तिघेही हसलो. मी डबी पिशवीत ठेवली आणि म्हणालो, "जरा नीट लावून आणतो." त्याने मला नीट लावायला सांगितले नव्हते. त्याने बघायला मागितले होते. हा फरक तेव्हा मला दिसला नाही आणि माझे डोळे तर उत्तम आहेत.

मी आयुष्यभर एका कचेरीच्या अभिलेख विभागात काम केले. कुठलाही कागद मागितला की तो काढून देणे हे माझे काम आणि हाच माझा एकमेव अभिमान. स्वेच्छानिवृत्तीनंतर अंधेरीच्या घरात लावण्यासारखे काही उरले नव्हते. दादाची डिस्क उघडली तेव्हा मला जो आनंद झाला तो फोटोंचा नव्हता, पसाऱ्याचा होता. 'नवीन', 'नवीन दोन', 'गणपती व इतर', 'बघायचे', 'बघायचे जुने' अशी त्याच्या फोल्डरांची नावे. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की आतली तारीख मूळपदावर जायची आणि ती पुन्हा लावण्याचे कष्ट त्याने कधीच घेतले नव्हते. त्यामुळे कित्येक वर्षांचे सण, बारशी आणि सहली एकाच सालातल्या एकाच जानेवारीत घडलेल्या दिसत होत्या.

शिवाय त्याला प्रत्येक फोटो दोनदा काढण्याची सवय होती. एकदा सगळ्यांना उभे करून, "हं, इकडे बघा," म्हणून काढायचा. मग "झालं!" म्हणायचा, आणि लगेच पुन्हा एकदा बटण दाबायचा. पहिला बिघडला तर असू द्यावा म्हणून तो दुसरा काढत असेल, असे मी समजत आलो होतो. भांडुपच्या कारखान्यात त्याने तपासनीस म्हणून नोकरी केली होती. तपासनीसाचा एका मापावर विश्वास नसतो.

मग मी सॉफ्टवेअर निवडू लागलो. संगणकाबरोबर आलेले एक होते. ते फोटो मोठा दाखवी, बाणाची कळ दाबली की पुढचा आणी आणि त्याहून अधिक काही करत नसे. आज मला कळते की दादाला हवे होते ते एवढेच. परंतु ते तारखेवर चाले आणि तारखा चुकीच्या, म्हणून मी ते नापास केले. दुसरे सुंदर होते, पण दरमहा वर्गणी मागे. तिसरे सगळे फोटो परदेशातल्या कुठल्यातरी यंत्रावर चढवू पाहत होते. आईचे फोटो परक्या घरी ठेवायला माझे मन होईना. चौथे कोणा हौशी लोकांनी मिळून केलेले, फुकट आणि विलक्षण हुशार. ते चेहरे ओळखे.

त्या चौथ्याने मला पुरते गुंतवले. ते एकेक चेहरा कापून समोर ठेवी आणि विचारी, हे कोण? मी नाव लिहिले की तो चेहरा आणखी कुठे कुठे आहे ते शोधून आणी. गणपतीच्या मूर्तीलाही त्याने माणूस मानले आणि दरवर्षीचा गणपती वेगळा माणूस मानला. सर्वांत अधिक ठिकाणी सापडले ते आमचे वडील. दादाने हा कॅमेरा घेतला त्याच्या बऱ्याच आधी ते गेले होते. पण भिंतीवरच्या तसबिरीतून, चंदनाच्या हाराआडून, ते प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला हजर होते. मी हे दादाला फोनवर कौतुकाने सांगितले.

"म्हणजे अजून लक्ष आहे म्हातारबुवांचं," तो म्हणाला. "पण तू आणतोयस कधी?"

"जवळपास झालंच आहे. तारखा लावतोय."

"अरे, तारखा मला तोंडपाठ आहेत. पेन ड्राइव्हवर घाल, ये आणि टीव्हीला लाव. आपण भजी खात बघू."

"असे विस्कळीत कसे आणू, दादा?"

पलीकडे फोन वहिनींच्या हातात गेला. "भावोजी, तो डोळा तुमच्यासाठी थांबलाय असं वाटतंय का तुम्हांला? काल यांनी पावट्याची आमटी समजून माझ्या चहात चमचा घातला."

"थट्टा नका करू, वहिनी."

"थट्टा तुम्ही चालवलीय."

मला राग आला. आपण एवढे कष्ट घेतो आणि यांना किंमत नाही, असा तो राग होता. त्या रागात मी आणखी निगुतीने काम केले. रागावलेला सौम्य माणूस आवाज चढवत नाही. तो अधिक नीटनेटका होतो.

उन्हाळ्यात आणलेली डबी दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहिली. मधल्या काळात मुलुंडला गेलो नाही असे नाही. पवईवरून जाणारी बस धरून दोनदा जाऊन आलो, रिकाम्या हाताने. दोन्ही वेळा दादाने काही विचारले नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्याने मला ओळखण्यासाठी मान थोडी वळवली, कोंबडी बघते तशी, कडेने.

शेवटचे काम सफाईचे होते. त्या हुशार सॉफ्टवेअरमध्ये एकसारखे फोटो शोधण्याची सोय होती. ते जोड्या लावून दाखवी. डावीकडे स्वच्छ, ताठ, सगळ्यांचे डोळे उघडे असलेला फोटो. उजवीकडे जवळजवळ तोच, पण कोणीतरी हललेले, कोणाची मान वळलेली, कडा धूसर. उजवीकडच्यावर ते लाल खूण करी आणि अदबीने विचारी, काढून टाकू का? सुरुवातीला मी प्रत्येक जोडी पाहिली. काही वेळाने एक पाहून दहा मान्य करू लागलो. मग सगळ्यांना एकदम होकार द्यायचे बटण सापडले.

संग्रह निम्मा झाला आणि माझ्या मते दुप्पट चांगला झाला. कचऱ्याची पेटी मी रिकामी केली. आणि इतके दिवस लावलेले पुन्हा बिघडू नये म्हणून, सावधगिरीने, दादाची मूळ डिस्क पुसून तिच्यावर हा स्वच्छ संग्रहच भरला. दुसरी प्रत असावी म्हणून.

भाऊबीज झाल्यावर मी मुलुंडला गेलो. टीव्हीला तार जोडली. दादा खुर्ची अगदी पुढे ओढून, किंचित तिरका बसला. वहिनींनी खरेच भजी केली होती.

पहिला फोटो कारखान्यातल्या खंडेनवमीचा होता. लेथ मशीनला झेंडूची माळ, पुढे हत्यारे मांडलेली, मागे रांगेत त्याचे सहकारी, हात बाजूला, हनुवट्या वर. मी खाली लिहिलेली तारीख आणि नावे वाचून दाखवली.

"वा," दादा म्हणाला. "आता पुढचा."

पुढचा वर्सोव्याच्या सहलीचा होता.

"हा नव्हे. कारखान्यातला दुसरा. झालं म्हटल्यावरचा. आमच्या फिटरने अख्खा पेढा तोंडात कोंबला होता आणि साहेब समोर आला, तो."

"तो तसाच होता ना, दादा. हाच फोटो. जरा हललेला."

"हललेलाच. तोच दाखव."

वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली. "आईंचा लावा बरं," त्या म्हणाल्या. "गच्चीवर पापड घालताना काढलेला."

तो मी लावला. आई ताठ बसलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला, ओठ मिटलेले. कॅमेऱ्यासमोर ती नेहमी असेच बसे, जणू कोणी तिला प्रश्न विचारणार आहे. फोटो अतिशय स्पष्ट होता. पदराच्या काठावरची नक्षी मोजता आली असती.

"हीच का ती?" दादाने विचारले. "हसतेय का? मला मधलं दिसत नाहीये."

"नाही हसत," वहिनी म्हणाल्या.

"मग पुढे जा. पुढच्यात हसते. मी झालं म्हटलं आणि तिने पापड उचलून माझ्या अंगावर भिरकावला. दात नव्हते पुढचे, म्हणून एरवी तोंड उघडायची नाही. कॅमेरा बंद झाला असं वाटलं की मगच माणूस येतं रे बाहेर. मी पहिला फोटो काढायचो तो केवळ त्यासाठी. तो काय, देखावा."

मी त्याला सांगितले. सगळे सांगितले, सॉफ्टवेअरने विचारले होते आणि मी हो म्हटले होते, हेही. मूळ डिस्क पुसल्याचे सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्याला ते पुन्हा विचारावे लागले.

"सगळे दुसरे?"

"सगळे."

"भावोजी, चार अक्षरं कमी शिकला असतात तर," वहिनी म्हणाल्या आणि पुढचे न बोलता आत गेल्या. दादा बराच वेळ पडद्याकडे, म्हणजे पडद्याच्या बाजूच्या भिंतीकडे, पाहत होता. मग म्हणाला, "बंद कर तो टीव्ही. भजी गार होतायत."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर त्यांची मी आयुष्यभर कृतज्ञतेने आठवण ठेवली असती. पुढच्या आठवड्यात मी एका माहितगाराकडे ती डिस्क घेऊन गेलो. त्यावर दुसरे काही लिहिले नसते तर काहीतरी परत मिळाले असते, असे तो म्हणाला. वर काय लिहिले होते, ते मी त्याला सांगितले नाही.

त्या दिवशी मुलुंडहून निघताना मात्र एक गोष्ट घडली. दादा-वहिनी दारापर्यंत आले. काहीतरी द्यावे, काहीतरी भरून काढावे, अशा केविलवाण्या इच्छेने मी म्हणालो, "दोघांचा एक काढतो." दोघे दारात उभे राहिले. मी फोन धरला, बटण दाबले आणि मोठ्याने म्हणालो, "झालं!" फोन खाली केला नाही. वहिनी चपला सरळ करायला वाकल्या, पण मी पाहत होतो दादाकडे. तो होता तसाच उभा होता. हनुवटी वर, हात बाजूला, नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. फोन माझ्या हातात वर आहे की खाली, हे त्याला दिसत नव्हते. माझ्या 'झालं'वर विसंबायला तो तयार नव्हता.

"ऊठ गं," तो वहिनींना म्हणाला. "तो दुसरा काढतोय."

त्या उठून उभ्या राहिल्या. मी दुसरा काढला.

घरी पोहोचून फोन संगणकाला जोडला. त्या हुशार सॉफ्टवेअरने दोन्ही फोटो ओळखले, दोघांची नावे बरोबर लिहिली, आणि दोन्ही एकसारखेच असल्याने एक काढून टाकू का, असे विचारले. मी दोन्ही मोठे करून पुनःपुन्हा पाहिले. त्याचे खरे होते. त्यांत काहीही फरक नव्हता.