शेवटच्या कडव्यातलं नाव

बोलायला सुरुवात करण्याआधी ती एकदा टाळी वाजवायची. एकच, खणखणीत. मग म्हणायची, "हां, आता बोला."

पहिल्यांदा मी दचकले होते. तिने समजावून सांगितलं, की आवाज एका यंत्रात टिपायचा आणि चित्र मोबाईलमध्ये. नंतर दोन्ही जुळवताना टाळीची खूण उपयोगी पडते. ते पटलं. पण वाण्याकडे साखर मागतानाही ती टाळी वाजवायची. वाणी म्हणायचा, "काय गं, आरती सुरू करायची का?"

तुम्ही दोघं दर रविवारी फोनवर विचारता, "आजी, हल्ली घरात कोण येतं?" ही यायची. आपल्यापासून तिसऱ्या घरातल्या शिंप्याची मुलगी. नगरच्या कॉलेजात माध्यमांचा अभ्यासक्रम शिकायची. एसटीने रोज जाऊन-येऊन. आपल्या मागच्या खोलीत गोधड्यांची चळत आहे ना, तिथे आवाज घुमत नाही, हा शोध तिने लावला आणि ती खोली माझी राहिली नाही. कपाटांवर मी लावलेल्या चिठ्ठ्यांच्या शेजारी तिच्या चिठ्ठ्या आल्या: 'हात लावू नये. वायर.'

आपल्या भागातल्या वादक-गायकांना लोकांपर्यंत पोहोचवायचं, हा तिचा वर्षाचा प्रकल्प होता. सुरुवातीच्या तिच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत. आधी तिचं स्वतःचं नाव सोनेरी अक्षरांत गरगर फिरत यायचं, विजेसारखं चमकायचं, मग कुठे वादक दिसायचा आणि तोही अर्ध्या मिनिटात संपायचा. आपल्या बेलापूरच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले काका ती फीत बघून म्हणाले, "पोरी, मी तर अजून सूरच लावत हुतो गं."

"काका, लोक तीस सेकंदांच्या पुढं बघतच नाहीत."

"मंग लोकांना सांग, घरी जा."

हे तीस सेकंदांचं शास्त्र तिला शिकवलं होतं स्टुडिओवाल्याने. बाजारपेठेतला तो दुकानदार तुम्ही पाहिला आहे. लग्नं, वाढदिवस, शिर्डीच्या हॉटेलांच्या जाहिराती, सगळं तोच करतो. तिचं प्रशिक्षण त्याच्याकडे चालू होतं, कारण कॉलेजला त्याच्या सहीचं प्रमाणपत्र लागत होतं.

आता माझं आणि त्याचं काय, ते सांगते. तुमच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला चित्रीकरण त्यानेच केलं. आजोबा उभे राहून छान बोलले, तुमच्याविषयीही बोलले. आठवड्याने हातात पेन ड्राइव्ह आला. त्यात आजोबांचे ओठ हलत होते आणि वर बासरी वाजत होती. मी मूळ आवाज मागायला गेले. तो म्हणाला, "मॅडम, रॉ फाईल आम्ही ठेवत नसतो. लोकांना म्युझिकच आवडतं." सहा महिन्यांनी आजोबा गेले. म्हणून तुमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, आवाज नाही. मी तो पेन ड्राइव्ह डबीत घालून वर तारीख लिहून ठेवली आहे. क्षमा करणं मनाला चांगलं असतं, असं मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. स्वतःला लागू केलं नाही.

तर त्या हिवाळ्यात कारखाना सुरू झाला आणि पाथर्डीकडची ऊसतोड टोळी गावाबाहेर उतरली. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या. तिथे ही मुलगी हलगीचा आवाज ऐकून गेली आणि तिला सापडल्या कौसाबाई. पन्नाशीची बाई, दिवसभर कोयता चालवायची आणि संध्याकाळी चुलीपुढे गायची. उसाच्या फडावरचं गाणं, स्वतः बांधलेलं.

मुलीने टाळी वाजवली. कौसाबाईंनी उलट टाळी दिली. म्हणाल्या, "झालं व्हय? आता गाऊ?"

दोन कडवी झाली आणि ही उठायला लागली. कौसाबाईंनी तिचा हात धरला. "बस खाली. शेवटचं कडवं ऐकल्याबिगर उठू नगं. मपलं नाव तितंच हाय."

आपल्याकडची जुनी माणसं गाणं असंच बांधतात, हे तुम्हाला माहीत नसेल. बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. पुस्तक नाही, पाटी नाही. तेवढीच त्याची सही. ही सही कोणाला पुसायची झाली, तर गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

ती खाली बसली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा कपड्यांना धुराचा वास होता आणि बोलायच्या आधी तिने टाळी वाजवली नाही. नुसती म्हणाली, "आजी, मी आजवर सगळ्यांना मधेच तोडलंय."

मात्र चूकही तिने त्याच आठवड्यात केली. तिचा कॉम्प्युटर जुना, म्हणून ती आवाज आणि चित्र दोन्ही मेमरी कार्डावर हलवून ते घेऊन स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्याने पहिली दोन कडवी उचलली, खाली ढोल-ताशा भरला आणि कार्ड पुसून परत दिलं. चार दिवसांनी ते गाणं गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होतं. आवाज कौसाबाईंचा, चित्र एका नटवलेल्या मुलीचं, आणि खाली ठळक अक्षरांत: गीत, संगीत, संकल्पना, तिन्ही ठिकाणी त्याचं नाव. कौसाबाईंनी ते ऐकलं उसाच्या गाडीवर, ड्रायव्हरच्या मोबाईलमधून.

"कुन्या सरांचं गानं हाय म्हनं," त्या मुलीला म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. उसाच्या मोळीवर कुठं नाव असतंय?"

त्यांनी सोडून दिलं. मुलीने नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात ताठ बसली आणि म्हणाली, "मी त्याचं दुकान फोडते."

"दुकान फोडून काय होईल?" मी विचारलं.

"मग कौसाबाईंकडून परत गाऊन घेते, टाकते."

"तो म्हणेल, बाईने माझ्याकडून उचललं. पुरावा त्यानेच पुसलाय."

ती रडकुंडीला आली. मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच धरून मी तिला विचारलं, "त्याने शेवटचं कडवं ऐकलंय का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तो कधीच काही पुरं ऐकत नाही, आजी."

सूड हा शब्द मी इथे विचार करून लिहिते आहे. न्याय वगैरे आम्ही म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं.

मी वाचनालयाच्या समितीवर आहे. वार्षिक समारंभाची कार्यक्रमपत्रिका दर वर्षी मीच करते. त्या वर्षी मी स्टुडिओवाल्याचा सत्कार सुचवला. समितीतले सगळे माना डोलावून मोकळे झाले. मी स्वतः त्याच्या दुकानात गेले, पत्रिका दिली, पेढाही दिला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्यावर नाराज होता असं वाटलं होतं." मी म्हणाले, "छे हो." इतक्या गोड आवाजात मी तुम्हालाही कधी हाक मारलेली नाही.

कौसाबाईंना आणणं सोपं नव्हतं. "मपल्या लुगड्याला ऊस चिकटलाय, मी न्हाई येनार." शेवटी मुलगी म्हणाली, "तुमच्या आईचं नावपण त्यात आहे ना? त्यांचं तरी ऐकू द्या गावाला." मग त्या आल्या. टोळीतल्या चार बायकांसह मागच्या सतरंजीवर बसल्या.

संध्याकाळी पाचला शाल-श्रीफळ झालं. तो बोलला, कला, साधना, गावाची माती. मग मी उठले आणि माईक घेतला. "सर, आम्ही सगळ्यांनी दोनच कडवी ऐकलीत. गाणं आपण बांधलंत, तर शेवटचं कडवं म्हणून दाखवा."

तो हसला. "मॅडम, माझा गळा नाही."

"नुसतं वाचल्यासारखं म्हणा."

पहिल्या रांगेत क्लॅरिनेटवाले काका होते. ते जोरात म्हणाले, "म्हना की! नाव कसं गुंफलंय ते तरी कळू द्या!" मागून आणखी दोन म्हातारे ओरडले, "व्हय, नाव ऐकू द्या!"

तो म्हणाला, "तसं ते... पारंपरिकच आहे."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "पारंपरिक आहे, तर सर, खाली गीत म्हणून तुमचं नाव कसं?"

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून, बसल्या बसल्या, आवाज आला:

"फडात उगवला दिस, कोयत्यानं ओवी लिवली,
भागाबाईची कौसा म्हने, मीच लेकीला शिकवली."

पुढचं मला फार स्पष्ट आठवतं, कारण मी लोकांकडे पाहिलंच नाही. मी त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या खांद्यावरची शाल घसरत होती आणि नारळ हातात असल्यामुळे त्याला ती सावरता येत नव्हती. अध्यक्षांनी दुसरी शाल मागवली आणि ती घेऊन ते स्वतः सतरंजीपर्यंत चालत गेले. कौसाबाई म्हणाल्या, "कशाला वो, आंगाला गरम हुतंय." पण घेतली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याने गाणं काढून टाकलं. मुलीच्या प्रमाणपत्रावर सही करायलाही नकार दिला. तिचं वर्ष गेलं. तिचे वडील माझ्यावर आठ दिवस रागावले होते आणि त्यांचं बरोबर होतं. मी तिला विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?" ती म्हणाली, "सहीचा होतोय. केलं त्याचा नाही." मला तेव्हा ती फार आवडली.

हंगाम संपला, टोळी परत निघाली आणि मुलगी त्यांच्यामागून पाथर्डीकडे गेली. आता गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून गाणी टिपते. पुढच्या वर्षी परीक्षा देईन म्हणते. मागची खोली रिकामी आहे. 'हात लावू नये' ही चिठ्ठी मी काढलेली नाही, पण तिथे हात लावण्यासारखी वायर उरलेली नाही.

परवा तिने कौसाबाईंची नवी फीत पाठवली. पूर्ण गाणं, चुलीच्या आवाजासकट. शेवटी पांढऱ्या, साध्या, न फिरणाऱ्या अक्षरांत कौसाबाईंचं नाव, त्यांच्या आईचं, गावाचं. हलगीवाल्याचं. मी फोन केला. "तुझं नाव कुठे आहे?"

"मी कुठं गायले, आजी?"

तुमच्यासाठी हे लिहिते आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "लिहा, पण नाव नका घालू." म्हणून घातलं नाही. मोठ्या कष्टाने.

स्टुडिओवाल्याचं नावही तुम्हाला इथे सापडणार नाही. त्याला ते सगळीकडे छापलेलं आवडतं.