काकांची केळी आणि ती माकडीण

ग्रुपवरच्या मंडळींनो, नॅशनल पार्कवरून आलो, घरच्यांना सोडलं आणि सरळ सायबर कॅफेत येऊन बसलोय. डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या काकांचा वाशी मार्केटात फळांचा गाळा आहे. सकाळी त्यांनी गाडीत पिकल्या केळ्यांचे दोन क्रेट चढवले. शनिवारी माकडांना खाऊ घातलं की पुण्य लागतं म्हणे.

गेटवर भली मोठी पाटी होती, प्राण्यांना खायला देऊ नका. मी मुद्दाम मोठ्याने वाचली. काका म्हणाले, "ते वेफर्सवाल्यांसाठी हाय. आपली ताजी फलं हायेत."

पुढच्या वळणावर त्यांनी काच खाली केली. पाच मिनिटांत वीसेक माकडं गाडीवर. माझी सहा वर्षांची मुलगी केळं देत होती. तिने घाबरून हात मागे घेतला, आणि पोटाशी पिल्लू असलेल्या एका माकडिणीने तो ओरबाडला.

गार्ड धावत आला आणि त्याने माकडिणीच्या पाठीत काठी घातली. ती पिल्लासकट खाली पडली, मग लंगडत झाडीत गेली.

"माजलीत नुसती," काका म्हणाले.

वडीलधारे म्हणून मी गप्प बसलो. दवाखान्यात मुलीला इंजेक्शन टोचलं, तेव्हाही गप्प.

घरी उतरताना काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी केली टपावरनं टाकू, म्हंजे टेन्शन नाय. गाडी तूच काढ."

आणि मी "बरं" म्हणालो.

खरं सांगा, तुमच्यातलं कोण 'नाही' म्हणालं असतं?