गडाच्या वाटेवर उसवलेली सॅक

नवस फळला नाही तर तो फेडायचा असतो का, हे मला कुणीच नीट सांगू शकलं नाही. पंचवटीत आमच्या गल्लीत तीन-चार गुरुजी राहतात. त्यांतल्या एकांना विचारलं, तर ते म्हणाले, मनाला विचारा. मनालाच तर काही कळत नव्हतं. माझा धाकटा भाऊ सुनील बरा झाला तर मी नाशिकहून सप्तशृंगीच्या गडावर चालत येईन, असं मी देवीला बोलले होते. पौषात सुनील गेला. चैत्र लागला, रस्त्याने झेंडे घेतलेले गडाचे पदयात्री दिसू लागले आणि माझी झोप उडाली. देवीने माझं ऐकलं नाही, मग मी का चालायचं? आणि नाही चालले, तर दिलेल्या शब्दाचं काय? एका संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयातून घरी आले आणि मिस्टरांना सांगून टाकलं, की मी जाते. का जाते ते त्यांनी विचारलं नाही, ते बरंच झालं. मला सांगता आलं नसतं.

तीन दिवसांची वाट. पहिला मुक्काम दिंडोरीला, दुसरा वणीला, मग नांदुरीवरून गड. दरवर्षी जाणाऱ्या शेजारच्या काकूंनी बजावलं होतं की सामान अगदी थोडं घ्या. एक जोड अंगावर, एक पिशवीत, चादर, पाण्याची बाटली, पायाला फोड आले तर सुई-दोरा आणि व्हॅसलीन. बाकी चहा, जेवण, सरबत वाटेत लोक देतात. मी मान डोलावली आणि मुलाची कॉलेजची सॅक भरायला बसले. चार ड्रेस, स्वेटर, छत्री, दोन टॉवेल, चपलांचा जादा जोड, औषधांचा डबा, चिवडा, लाडू. काढायचे आणि पुन्हा भरायचे. एखादी वस्तू बाहेर ठेवली की तिच्यावाचून आपलं कसं अडेल, तेच डोळ्यांसमोर यायचं. सगळ्यात खाली, ड्रेसच्या घडीत, मी सुनीलची हॉस्पिटलची फाइल ठेवली होती. ती कशासाठी घेतली हे मला आजही धड सांगता येत नाही. देवीपुढे ठेवायला, की तिला जाब विचारायला, की तिने मला विचारावा म्हणून? काहीच ठरलं नव्हतं.

आता लिहितेच आहे तर पूर्ण लिहिते. सुनीलचं निफाडला पंपांच्या जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान होतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्याचं डायलिसिस सुरू झालं. त्याची बायको संगीता किडनी द्यायला तयार होती, पण तिला शुगर, त्यामुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग माझ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले होते. जुळत होतं. आणखी काही तपासण्या करून पुढे जाता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, घरी मीच सांगते, मला थोडा वेळ द्या. आणि निफाडला फोन करून सांगितलं, की अजून काही नक्की नाही. मुलाची परीक्षा, मिस्टरांचं ब्लडप्रेशर, स्वतःला मी बरीच कारणं दिली. असे दोन महिने गेले. त्याच दिवसांत मी तो नवस बोलले. भावाला जे द्यायचं होतं, त्याच्या बदल्यात मी देवीला तीन दिवसांची पायपीट देऊ केली. आज लिहिताना हे स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, की मी बघतच नव्हते, कोण जाणे. मग सुनीलला इन्फेक्शन झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं.

निघायच्या आदल्या दिवशी संगीताचा फोन आला, की मीही येते. मी चरकले. पण नको म्हणायला कारण सापडेना. ती आली ती खांद्याला एक कापडी पिशवी अडकवून. माझ्या सॅककडे तिने पाहिलं.

पहिला दिवस कसाबसा निभावला. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. पुढे चालणाऱ्या बायका गाणी म्हणत होत्या, मागून एका टेम्पोवर लाऊडस्पीकर होता, त्यामुळे गप्प राहणं सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी दिंडोरी सोडल्यावर ऊन चढलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, छाटणी चाललेली, त्यामुळे पानांची सावलीसुद्धा नाही. टाचा पेटल्या होत्या, खांदे बधिर झाले होते. मी देवीचं नाव घेत होते आणि त्याच वेळी तिच्यावर चिडतही होते. असं दोन्ही एकदम करता येतं, हे मला माहीत नव्हतं. एका सरबताच्या मांडवाजवळ आलो आणि सॅकचा पट्टा टरकन उसवला. सॅक रस्त्यावर पडली.

मांडवाला लागून कडुनिंबाखाली एक म्हातारे मुस्लिम गृहस्थ हातमशीन घेऊन बसले होते. वणीला गाद्या-गोधड्या शिवायचं त्यांचं काम. यात्रेच्या दिवसांत ते रस्त्यावर येऊन लोकांच्या पिशव्या आणि चपला शिवून देतात, असं सरबतवाल्याने सांगितलं. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मी सॅक तशीच पुढे केली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"आधी रिकामी करा, ताई. भरल्या पिशवीला टाका बसत नाय."

मी म्हटलं, वरवर काही करता येत नाही का? ते मान हलवून दोऱ्याला मेण लावत बसले. तोवर संगीता खाली बसून वस्तू काढू लागलीसुद्धा होती. स्वेटर, छत्री, डबा, टॉवेल. मग ड्रेसची घडी, आणि फाइल. वर सुनीलचं नाव. तिने ती उघडली नाही.

"यात तुमचा रिपोर्ट आहे ना, ताई?"

मी हो म्हटलं.

"मला माहितीये. ते गेल्यावर राहिलेले कागद आणायला गेले होते, तेव्हा तिथल्या सिस्टर बोलून गेल्या. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असेल."

इतके दिवस ती गप्प का राहिली, असं मी विचारलं. ती म्हणाली, तेरावं झालं, होळी गेली, तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते. म्हणून तर चालायला आले. तीन दिवस सोबत असू, कधीतरी बोलालच.

कारणांची सगळी यादी माझ्याजवळ होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "मी घाबरले, संगीता," एवढंच म्हणाले. "दुसरं काही नव्हतं."

तिने सुनीलबद्दल विचारलं, त्यांना हे कळलं होतं का? मी सांगितलं, मला माहीत नाही, मी तरी सांगितलं नव्हतं. ती पदराने तोंड झाकून बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो हक्क मला वाटला नाही. मशीन चालूच होतं. चाचांनी पट्ट्याला दुहेरी शिवण घातली, ओढून पाहिली आणि सॅक संगीताकडे दिली. तिने डोळे पुसले आणि भरायला घेतली. एक ड्रेस, चादर, बाटली, औषधं. बाकीचं मांडवात देऊन टाकलं, कुणाला लागलं तर द्या म्हणून. फाइल तिने स्वतःच्या पिशवीत ठेवली. मला विचारलं नाही.

पट्टा त्याच जागी का उसवला, हे मी लोकांना सांगत बसत नाही. शिवण जुनी होती, वजन जास्त होतं, हेही खरंच आहे. पण घरापासून तिथपर्यंत कितीतरी ठिकाणी तो तुटू शकला असता आणि मी गाठ मारून पुढे गेले असते, हेसुद्धा तितकंच खरं आहे. मला यातलं काय मानावं ते कळत नाही.

वणीला संध्याकाळी संगीताने माझा पाय मांडीवर घेऊन सुई-दोऱ्याने फोड फोडले. तिचे हात हलके होते. तिसऱ्या दिवशी गड चढलो. दर्शनाच्या रांगेत इतकी रेटारेटी होती की देवीसमोर चार क्षणच मिळाले. त्या मोठ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काय बोलायचं होतं ते आठवेना. माझा हिशेबही आठवला नाही आणि तिच्यावरचा रागही. नुसते हात जोडले. शेजारी संगीता डोळे मिटून उभी होती.

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तसं ती म्हणाली नाही आणि मी विचारणार नाही. देवाला शरण जायचं म्हणजे त्याच्यापुढे डोकं टेकायचं, एवढंच मी समजत होते. ते मला जन्मभर जमत आलंय. जिच्यापासून लपवलं तिच्यासमोर उघडं पडायचं आणि पुढचं तिच्यावर सोडायचं, हे मला जमलं नसतं. ते माझ्याकडून करून घेतलं गेलं. त्याबद्दल मी गडावरच्या आईची ऋणी आहे, चाचांचीही, आणि संगीताची सगळ्यात जास्त.

प्रसाद घेऊन बाहेर आलो तेव्हा वारा सुटला होता. लहानपणापासून सुनीलचं काय, नंतर त्याच्या घराचं काय, सगळं मीच ठरवत आले होते. संगीताने विचारलं, "ताई, खाली बसने जायचं का पायऱ्यांनी?"

मी म्हटलं, "तू म्हणशील तसं."

तिने खालच्या दरीकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे वळली, आणि दोन पायऱ्या उतरून माझ्यासाठी थांबली.