कोणते लोकं, नाव सांग

२०२३ साल होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही बैलं चारता चारता. लिहिण्यात चुका असतील तर असोत, त्यासाठी मी हात जोडणार नाही. पण रोडगे कसे भाजायचे हे मला आमच्या गावात कोणी शिकवावं, असा माणूस अजून जन्मायचा आहे.

मोताळ्याच्या बाजारापासून आमचं गाव फार लांब नाही. चैत्रात मारुतीचा भंडारा होतो आणि सारं गाव एका पंगतीला बसतं. भंडाऱ्याला रोडगे असतात. जाडसर दळलेल्या गव्हाची कणिक, हळद, ओवा, तेलाचं मोहन, त्याचे मुठीएवढे गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे लाल निखारा, झाला की गोळे त्या आरात सोडायचे आणि वरून गरम राखेनं झाकायचे. ते भाजून निघाले की राख पुसून, फोडून, तूप घालून वरणाशी आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. सगळी अडचण झाकल्यानंतरची. तव्यावरची पोळी उलटून पाहता येते. रोडगा राखेत पुरलेला असतो आणि वरून लाल झाला तरी आत पीठ राहू शकतं.

मी ते नाकानं ओळखायचो. आधी गव्हाचा गोड वास सुटतो, मागून ओवा येतो, मग पापुद्रा करपायच्या बेताला आल्याचा एक बारीक वास येतो. तेवढ्यात "उकरा रे" म्हणायचं. माझ्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून हे "उकरा रे" गावात माझंच होतं.

कोरोनात माझं नाक गेलं. मलकापूरच्या डॉक्टरानं सांगितलं, येईल हळूहळू. ते आलं पण असं वेडंवाकडं, की चहाला घासलेटाचा वास आणि मोगऱ्याला काहीच नाही. मी कोणाला बोललो नाही. पुढच्या भंडाऱ्याला गुडघ्याचं कारण सांगून घरी बसलो. लोकांनी बुंदी आणि पुरी केली.

२०२३ च्या भंडाऱ्याला दोन दिवस राहिले असताना देवळाचं पाहणारी दोन माणसं सकाळीच ओट्यावर येऊन बसली.

"आबाजी, औंदा रोडगेच पाह्यजेत. बुंदीवर मारुती रुसला म्हणतात."

"मारुती रुसला का तू?"

"आम्ही दोघंबी."

"गुडघा दुखते माहा."

"रोडगे गुडघ्यानं भाजता का तुम्ही? खुर्ची टाकतो ना आराजवळ. बसल्या बसल्या हुकूम सोडा."

मी म्हणालो, "उद्या सकाळी सांगतो." ती दोघं एकमेकांकडे पाहून उठली. माझ्या तोंडून 'सांगतो' त्यांनी कधी ऐकलं नसेल.

ती गेली आणि आतला बोलायला लागला. तुमच्याही आत असा एक असेल. माझा तर दोन वर्षांपासून सारखा बोलत होता. तुले आता काय जमते बे? सारं गाव पंगतीला बसीन, पहिला घास घेईन आणि आतून पीठ निघीन. लोकं काय म्हणतीन? म्हातारा संपला म्हणतीन. मी वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडायला गेलो तर तो गप्प झाला. दार मोडून, म्हणजे पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवून, येऊन खाटेवर टेकलो की परत सुरू. हातात काम असलं की त्याला जागा मिळत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. पण माणूस दिवसभर दार मोडत बसू शकत नाही.

दुपारी मी त्याला मोठ्यानंच म्हणालो, "गप राह्य ना बे!"

घरातून बायको बाहेर आली. "काऊन हो, कोणावर खेकसून राह्यले? इथं तं मांजरबी नाई."

मी बिडी पेटवायला लागलो.

"नाकाचं हाये ना?"

मी विचारलं, "तुले कोणं सांगितलं?"

"सांगाले कोण पाह्यजे? मागं दूध करपलं, सारं घर धुरानं भरलं अन् तुम्ही चुलीजवळ बसून बिडी ओढून राह्यले होते. वरणात हिंग टाकाचा राहून जाते, तरी म्हणता, वा, आज वरण झालं!"

मला राग आला. पण खरं सांगतो, पाठीवरचं पोतं कोणीतरी एका बाजूनं उचलून धरल्यासारखंही वाटलं.

ती म्हणाली, "चाला, अंगणात लावून पाहू. घरच्यापुरते."

दिवस कलला तेव्हा आम्ही अंगणात गोवऱ्या पेटवल्या. तिनं गोळे केले, मी आरात सोडून झाकले आणि पाटावर बसलो. वास यायची वाट पाहत होतो, आला तो आतला. लोकं म्हणतीन, लोकं हसतीन. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, मी त्याला मनातच विचारलं, कोणते लोकं? नाव सांग. मी एकेक घर डोळ्यासमोर आणलं. देवळामागचा शेजारी? त्याची नजर गेली तेव्हापासून मीच त्याला बाजारात हात धरून नेतो. तो हसणार नाही. देवळाचं पाहणारी ती दोघं? तीच तर सकाळी खुर्ची टाकतो म्हणत होती. आतल्याला एक नाव सांगता आलं नाही. तो नुसता 'लोकं, लोकं' करत राहिला.

मला माझा एक जुना बैल आठवला. नाल्यात एकदा त्याचा पाय घसरला होता. त्यानंतर पाणी दिसलं की तो जागीच अडायचा. लोक म्हणायचे, हाणा. मी हाणत नव्हतो. बैल काही नालायक नव्हता, भ्यालेला होता आणि गाडीसकट मलाही वाचवायला पाहत होता. मी खाली उतरायचो, कासरा हातात घ्यायचो, पुढं पाण्यात उभा राहायचो. मग तो यायचा. आतला तसाच. दोन वर्षं मी त्याला हाणत होतो.

"झाले," मी बायकोला म्हणालो. "उकर."

तिनं एक काढला, राख झटकली, फोडला. मध्ये पांढरं पीठ.

आतला टुणकन उठला. सांगितलं नव्हतं?

बायको म्हणाली, "मंग राहू द्या अजून. राख काय पळून चालली? जराशानं दुसरा फोडू."

"फोडून पाह्यते तो शिकाऊ."

"मंग व्हा शिकाऊ. कोण मारते तुमाले?"

आम्ही परत झाकले. दुसरा फोडला तेव्हा तो मधोमध पिवळाधमक, वाफ निघत होती. वास मला नीट आला नाही. घास मात्र गोड लागला. मी तीन खाल्ले, आतल्यालाही त्यातलाच वाटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. ती दोघं होतीच, आणखी पाचसहा जण चहा पीत बसलेले. गुडघ्याचं नाव न घेता उभ्यानंच सांगितलं, "रोडगे मी भाजतो. पण माहं नाक गेलं हाये, कोरोनापासून. दर आरातला एक फोडून पाहीन. कच्चा निघाला तं परत झाकीन, पंगत थांबीन. चालते का?"

एक म्हणाला, "फोडलेला मले द्याचा, आबाजी."

मी म्हणालो, "कच्चा निघाला तरी खाशीन का बे?" आणि धोतर खोचून देवळामागं गोवऱ्या रचायला गेलो.