हिच्या पाठीकडून शिकलेलं

मी सातवीपर्यंत शाळेत गेलो, मग फौंड्रीत लागलो आणि चाळीस वर्षं साचे भरले. लिहायचा संबंध आला तो सही करण्यापुरता. तरी हे लिहून ठेवतोय, कारण मधल्या काळात माझा माझ्याच डोक्यावरचा भरवसा उडाला होता. तो कसा उडाला ते सांगायचंय.

माझी बायको 'ताई ची' शिकवायची. चीनमधली जुनी मारामारीची विद्या, पण करायची इतकी सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. गुडघे दुखायला लागले म्हणून ही राजारामपुरीत एका सरांच्या क्लासला जायला लागली. गुडघे राहिले बाजूला, हिला नादच लागला. मी चेष्टा करायचो, "वारं ढकलतीस व्हय गं?" एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "ढकला बघू मला." मी तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. एका हातानं ढकललं. ती कमरेत जराशी वळली आणि माझा हात मनगटापर्यंत पिठाच्या परातीत. "लागलं का वारं?" म्हणाली. त्या दिवसापासून चेष्टा बंद.

पुढं सरांनीच तिला सांगितलं, तुमच्या कॉलनीत शिकवा. देवळामागच्या हॉलमध्ये सकाळी सातला तेरा बायका जमायच्या. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या, म्हणून मी सगळ्यांचा दाजी. हिला स्कूटरवरून सोडायचं आणि तास संपेपर्यंत दारातल्या पायरीवर बसायचं, हे माझं काम. दार हिच्या पाठीमागं, बायका हिच्या समोर. हातपाय हलवणाऱ्या परक्या बायकांकडं बघत बसणं बरं दिसत नाही. म्हणून मी फक्त हिच्या पाठीकडं बघायचो. तीन वर्षं तेवढंच बघितलं. कुठला खांदा कधी खाली जातो, कुठली टाच कधी उचलते, सगळं पाठ झालं. तिनं शिकवलं नाही, मी विचारलं नाही.

थंडीत ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, चौथ्या दिवशी मी एकटा घरी. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तेरावं झालं आणि बायका घरी आल्या. हॉल रिकामा दिसला की देवळाची कमिटी तो दुसऱ्या कुणाला तरी देणार, अशी कुणकुण होती. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "दाजी, क्लास तुमी घ्या."

"मी? मला काय येतंय?"

"तीन वर्सं पायरीवर बसलाय की. आमी आपलं आक्काकडं बघून हात हलवत हुतो. आक्का न्हाय तर आमाला पुढचं कायबी आठवत न्हाय." मग म्हणाली, "तिनं मांडल्यालं मोडू नका."

मोडू नका म्हटल्यावर मी हो म्हणालो.

पहिल्या सकाळी हॉलमध्ये गेलो आणि बायकांकडं पाठ करून उभा राहिलो. तोंड करून उभं राहायची लाज वाटली. सुरुवातीला दोन्ही हात वर येतात, खाली जातात. तिथवर ठीक. मग मी उजवा पाय पुढं टाकला आणि उजवा हात वर नेला. समोरनं अंगावर आलेल्याला छातीवरनं उलथून टाकायचा तो हात. मागं गलका झाला.

"दाजी, डावा की!"

"उजवा."

"डावा हाय ओ!"

"तीन वर्सं बघितलंय मी! उजवाच!"

दोघी एकमेकींवर आदळल्या. एकजण म्हणाली, "फौंड्रीत साचं बी असंच उलटं भरत हुता व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

 पण घरी येऊन डोळे मिटले की ही दिसायची, आणि तिचा उजवाच हात वर जायचा. स्वच्छ दिसायचा. बायका म्हणतात डावा. तेराजणी कशाला खोटं बोलतील? म्हणजे माझं डोकं खोटं.

माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चपला उलट्या पायात. मग घरचा रस्ता चुकायला लागला. शेवटी स्वतःच्या सुनेला विचारायचा, "पावणं, गाव कंचं?" तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसू येत नव्हतं. तिचा हात माझ्या डोक्यात फिरला असेल, तर बाकीचं काय काय फिरलंय? मी उठून भिंतीवरचा फोटो बघायचो. नाकातली चमकी डावीकडं. माझ्या आठवणीतही डावीकडंच. तेवढं बरोबर निघायचं. पण दुपारी परत उठायचो, परत बघायचो. फोटो होता म्हणून चमकी तपासता आली. तिच्या हाताचा फोटो कुठं होता?

हॉलमध्ये रोज तोच घोळ. मी उजवा, त्या डावा. एकीचा पाय मुरगळला. तेराच्या आठ झाल्या. कुणीतरी सरांच्या कानावर घातलं, आणि सरांचा निरोप आला : रविवारी येतो, बघतो, मग क्लास ठेवायचा का बंद करायचा ते ठरवू.

रविवारपर्यंत माझं जेवणावर लक्ष नव्हतं. क्लास बंद झाला असता तर एकवेळ सोसलं असतं. पण सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं असतं, काका, तुम्हाला चुकीचं आठवतंय, तर मग तिचं माझ्याजवळ काय उरलं असतं?

सर आले, मागं उभे राहिले. मी सुरू केलं. उजवा. त्यांनी थांबवलं.

"कुणाकडून शिकलात?"

"हिच्याकडनं."

"समोर उभं राहून?"

"न्हाय. मागनं. त्या पायरीवर बसून."

सर पायरीवर जाऊन बसले. आधी माझ्याकडं बघितलं, मग बायकांकडं. मग म्हणाले, "काका, काकू बायकांकडं तोंड करून शिकवायच्या. समोरच्यांनी आरशात बघितल्यासारखं करायचं. मूळचा हात डावा. बायकांचा तो बरोबर यावा म्हणून स्वतः उजवा उचलायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं उलटं. मीच शिकवलंय त्यांना तसं. तुम्ही त्यांचं ते उलटंच उचललंय."

"म्हंजे ती उजवाच उचलत हुती?"

"उजवाच."

मी खाली बसलो. थोरलीनं पाणी आणून दिलं. म्हणाली, "आमी बी खरं वरडत हुतो, आन् तुमी बी खरंच बोलत हुता की ओ!"

"आता काय करू?" मी सरांना विचारलं.

"तोंड फिरवा."

फिरवलं. आठजणींची तोंडं समोर. मान खाली घालावीशी वाटली, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्याच, हाताकडं बघत होत्या. मी उजवा उचलला. आठ डावे हात वर आले. कुणी कुणाला धडकलं नाही.

सर म्हणाले, "क्लास चालू ठेवा. पण शिकवणाऱ्याला सुलटंही आलं पाहिजे. गुरुवारी माझ्याकडं या."

"आन् सुलटं शिकताना हिचं गेलं तर?"

त्यांनी उगाच धीर दिला नाही. "ते मला सांगता येणार नाही, काका," एवढंच म्हणाले.

चार गुरुवार झाले. बसनं राजारामपुरीला जातो, शेवटच्या ओळीत उभा राहतो. भीती गेली नाही, नुसती जागा बदलली. आधी वाटायचं चुकीचं आठवतंय, आता वाटतं बरोबर आठवतंय ते पुसलं जाईल.

परवा तेच झालं. बायकांसमोर उभा होतो आणि माझा डावा हात वर गेला. आपोआप गेला. समोर सगळ्यांचे उजवे वर.  मग थोरली हळूच म्हणाली, "दाजी, ह्यो सरांचा हात. आक्काचा दाखवा."

मी डावा खाली घेतला. डोळे मिटून उभा राहिलो. ही लवकर दिसेना, घाबरलो. बायका थांबून राहिल्या. मग खांदा दिसला, आणि माझा उजवा वर आला.